कूलंट हिरवं की गुलाबी? आधी रेडिएटरची झाळ बघा

आमच्या घरी १९६७ची फियाट ११०० डी आहे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, वडिलांनी घेतलेली. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या अंगणात ती इतकी वर्षं उभी आहे की पोस्टमन पत्ता सांगताना तिचाच दाखला देतो. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नाशी ओलांडलेली खासगी गाडी कागदोपत्री ‘विंटेज’ ठरते, म्हणजे आमची केव्हाच ठरली. ज्या शहराच्या महाराजांनी, दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी, ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती, तिथे आमच्या फियाटला कोण विचारतो? पण तिच्यामुळे मला जे कळलं, ते ड्यूसेनबर्गलाही लागू आहे.

काही वर्षांपूर्वी नव्या गाडीसाठी आणलेल्या गुलाबी कूलंटची अर्धी बाटली उरली होती. फियाटमध्ये तोवर कधी नळाचं पाणी, कधी मिस्त्रीने घातलेलं हिरवं काहीतरी, असा कारभार होता. मी ती गुलाबी बाटली वरून ओतली आणि गाडीवर उपकार केल्यासारखा हात झटकला. चार महिन्यांनी महेश्वरहून परतताना मंडलेश्वरकडून जाम घाट चढताना काटा लाल रेषेला टेकला. झाडाखाली तासभर थांबलो, आईने दशम्या सोडल्या, तेवढाच काय तो फायदा. दुसऱ्या दिवशी देवास नाक्याकडच्या एका रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली. निम्म्या नळ्यांत चॉकलेटी चिखल, आणि झाळेच्या, म्हणजे शिसं-कथलाने जोडलेल्या सांध्यांच्या, रेषेवर पांढरी भुकटी. चूक दुकानदाराची नव्हती, मिस्त्रीचीही नव्हती. माझी होती: न धुता, न बघता एकात दुसरं ओतलं होतं.

त्यानंतर जे शिकलो, ते क्रमाने लिहितो.

इंदुरात कूलंट कशासाठी?

कूलंटच्या बाटलीवर बर्फाचं चित्र असतं. ते आपल्यासाठी नाही. माळव्यातल्या कडाक्याच्या रात्रीही रेडिएटरचं पाणी गोठत नाही. उकळण्याचं म्हणाल, तर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच असल्यामुळे पाणी इथे १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण उकळबिंदू वर नेण्यात कूलंटपेक्षा रेडिएटरच्या झाकणाचा वाटा मोठा असतो. ७ पौंड दाबाचं झाकण साध्या पाण्यालाही ११० अंशांच्या जवळ नेतं. पाण्यात तिसरा हिस्सा ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव, घातल्याने मिळतात जेमतेम चारेक अंश.

मग कूलंट हवं कशाला? गंजासाठी. बिडाचा ब्लॉक (इंजिनाचं धड), पितळी-तांब्याचा रेडिएटर, शिसं-कथलाची झाळ, कुठे ॲल्युमिनियमचं हेड (ब्लॉकच्या डोक्यावरचा भाग), आणि या सगळ्यांतून फिरणारं गरम पाणी. हा आयता विद्युतघट आहे. त्यात कुठला तरी धातू खाल्ला जाणारच. त्याला वाचवतं ते कूलंटमधलं गंजरोधक रसायन, आणि आपण निवड करायची ती त्या रसायनाची. ग्लायकॉल सगळ्या बाटल्यांत जवळपास सारखंच असतं.

पहिलं काम: धातूंची यादी

दुकानात जाण्याआधी एक लोहचुंबक आणि कागद-पेन घेऊन बॉनेट उघडा. हेडला चुंबक चिकटलं तर ते बिडाचं. अंबॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, स्टँडर्ड हेरल्डचेही तसेच. आमच्या फियाटचा ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे काळजी जास्त. रेडिएटर मूळचा पितळी आहे की कोणी नवा ॲल्युमिनियमचा बसवलाय, तेही लिहा. पितळी असेल तर टाक्या आणि नळ्या झाळेनेच जोडलेल्या असणार.

मग पंप. युद्धपूर्व गाड्यांत कित्येकदा पंपाच्या दांड्याभोवती दोरीसारखं पॅकिंग आणि ग्रीसची वाटी असते. तो पंप थोडाफार पाझरणारच, तो त्याचा स्वभाव आहे. काही गाड्यांत पंपच नसतो: फोर्ड मॉडेल टी, ऑस्टिन सेव्हन. गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं, एवढ्यावर त्यांचं अभिसरण चालतं. त्यांच्यासाठी प्रमाण वेगळं, ते पुढे सांगतो. (आणि तुमची गाडी बीटल असेल तर हा लेख इथेच मिटा, ती हवेवर थंड होते.)

शेवटी झाकण. त्यावर ४ किंवा ७ असा आकडा कोरलेला असतो. हरवलं म्हणून नव्या गाडीचं १३-१५ पौंडांचं झाकण बसवू नका. जुनी झाळ, जुने पाइप, हीटरची नळी यांतलं सगळ्यात दुबळं जे असेल ते त्या दाबाने सुटतं. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून जड झाकण बसवायची हौस बरीच आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तीन घराणी

गाण्यात आमचं इंदूर घराणं आहे, तशी कूलंटचीही घराणी आहेत, फक्त इथे रंगावरून घराणं ओळखायला गेलात की फसलात. रंग ही नुसती खाण्याच्या रंगासारखी भर आहे. कोणता रसायनगट कोणत्या रंगात यावा, असा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. हिरव्या बाटलीतही नवं रसायन असू शकतं.

जुनं घराणं म्हणजे आयएटी (इनऑरगॅनिक ॲडिटिव्ह टेक्नॉलॉजी). यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट असे अकार्बनी क्षार असतात. ते धातूवर भराभर पातळ थर चढवतात, अगदी अंगाला तेल लावल्यासारखा. हा थर चढवण्यातच ते संपत जातात, म्हणून दोन वर्षांनी बदलावं लागतं.

दुसरं, १९९०च्या दशकाच्या मध्यात मोटारींमध्ये आलेलं ओएटी (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी). यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सगळीकडे थर देत नाहीत, गंज जिथे सुरू होईल तिथेच काम करतात, म्हणून पाच वर्षं टिकतात. नव्या गाडीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर, प्लॅस्टिकच्या टाक्या आणि बंद, काठोकाठ भरलेली यंत्रणा असते. तिथे हे उत्तमच आहे.

जुन्या गाडीत मात्र दोन अडचणी येतात. एक म्हणजे झाळ. शिसं-कथलाच्या सांध्यांचं रक्षण या घराण्यातली काही मिश्रणं नीट करत नाहीत, आणि त्यातली काही आम्लं सिलिकॉनची सीलं, जुनी गॅसकेटं मऊ करतात. दुसरी अडचण हवेची. आपल्या जुन्या रेडिएटरच्या वरच्या टाकीत हवा असते, पातळी खाली-वर होते, धातू कधी ओला कधी कोरडा. सावकाश काम करणाऱ्या रसायनाला हे वातावरण मानवत नाही. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने जुन्या गाड्यांत आयएटीच वापरा असा सल्ला दिला, त्यामागे अशाच तक्रारी होत्या.

तिसरं घराणं संकरित. सेंद्रिय आम्लांत थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट मिसळलेलं. ऐंशी-नव्वदीतल्या गाड्यांना ते चालून जातं. मारुती ८००साठी मी बिनधास्त घेईन. पितळी रेडिएटरच्या गाडीसाठी घेणार नाही.

थोडक्यात माझा कौल: पितळी रेडिएटर, झाळकाम, बिडाचा ब्लॉक असेल तर इथिलीन ग्लायकॉलवर आधारलेलं आयएटी. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर त्यात सिलिकेट असायलाच हवं, कारण गरम ॲल्युमिनियमला तेच लगेच सांभाळतं. ज्यात पाणीच नसतं असं महागडं कूलंटही मिळतं, १८० अंशांपर्यंत न उकळणारं. पण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं आणि यंत्रणेतला पाण्याचा थेंब न् थेंब काढल्याशिवाय घालता येत नाही. शिवाय घाटात गळती झाली तर वर काय ओतणार? प्रदर्शनापुरत्या बाहेर पडणाऱ्या गाडीला ठीक, आमच्या फियाटला नको.

दुकानात ‘आयएटी द्या’ म्हटलं तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहील. म्हणून बाटलीची मागची बाजू वाचा. ‘ऑरगॅनिक’, ‘ओएटी’, ‘लाँग लाइफ’, ‘सिलिकेट-फ्री’ यांतलं काही लिहिलं असेल तर परत ठेवा. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मालाची टेक्निकल डेटा शीट उतरवून घ्या. त्यात एएसटीएम डी १३८४ नावाच्या चाचणीचा तक्ता असतो. तांबं, झाळ, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या ८८ अंशांच्या कूलंटमध्ये चौदा दिवस बुडवून प्रत्येकीचं किती मिलिग्रॅम वजन घटलं ते त्यात देतात. डी ३३०६ या मानकानुसार झाळ आणि ॲल्युमिनियमला ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा, बाकीच्यांना १०. आपण बघायची ती झाळेची ओळ. पाच-सात मिलिग्रॅम असेल तर छान. २५ असेल तर पास झालंय, पण काठावर. तक्ताच दिलेला नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

पाणी

कूलंटवर हजार रुपये घालून त्यात बोरिंगचं पाणी मिसळणारे लोक मी पाहिलेत. आपल्याखाली काळा पाषाण आहे, बोरिंगचं पाणी जड. बंबाच्या नळीत जो पांढरा थर बसतो तोच ब्लॉकच्या आत बसतो, आणि तिथे घासायला हात पोहोचत नाही. आयएटीतलं फॉस्फेट जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून गाळ करतं ते वेगळंच. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी प्यायला गोड आहे, रेडिएटरसाठी नाही.

बॅटरीसाठी मिळणारं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) घ्या, पाच लिटरचा कॅन. सील बंद असलेलाच घ्या, कारण बॅटरीच्या दुकानात ॲसिडचे कॅनही शेजारीच असतात. घरच्या आरओचं पाणी अडीनडीला चालेल, पण बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) बुडवून आकडा बघा. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून वापरणारेही आहेत. ते मऊ असतं हे खरं, पण खोलीतली धूळ धुऊन आलेलं असतं.

आणि उलट चूकही करू नका: नुसतं डीएम वॉटर, कूलंटशिवाय, कायम ठेवायचं नाही. क्षार नसलेलं पाणी थर बसवत नाही, पण गंज थांबवतही नाही.

प्रमाण

निम्मं कूलंट निम्मं पाणी हे प्रमाण थंड मुलखातलं, उणे ३७ अंशांपर्यंत न गोठणारं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. निम्म्या मिश्रणाची क्षमता वजनामागे साधारण १५ टक्क्यांनी घटते. म्हणजे उन्हाळ्यात पलासियाच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या जुन्या गाडीला आपण उगाच भार देतो. इंदूरसाठी ३३ टक्के, एक भाग कूलंट दोन भाग पाणी, मला योग्य वाटतं. पंप नसलेल्या गाडीत २५ टक्के, कारण तिथे पातळ पाणीच नीट चढतं-उतरतं. २५च्या खाली जाऊ नये, गंजरोधक फार विरळ होतं. बाटलीवर यापेक्षा जास्त किमान प्रमाण दिलं असेल तर ते पाळा.

‘रेडी टू यूज’ बाटलीत पाणी आधीच असतं. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की सगळं गणित बिघडतं.

धुणं: इथे घाई केली की माझ्यासारखं होतं

आधी दोन तपासण्या. सकाळी गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं. ऑइलची डिपस्टिक काढा, त्यावर ताकासारखं पांढरट काही दिसलं तरी तीच शंका. अशा गाडीत ग्लायकॉल घालू नका. ते ऑइलमध्ये उतरलं तर बेअरिंगं खाऊन टाकतं. आधी गॅसकेट.

दुसरं, गाडीच्या पूर्वायुष्याची चौकशी करा. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि खोटं कशाला बोला, रस्त्यात अडकलात तर तो घरी पोहोचवतोही. पण धुतल्यावर ती हळद निघते आणि जुनी भोकं पुन्हा हसायला लागतात. तेव्हा धुलाईनंतर गळती दिसली तर कूलंटला दोष देऊ नका. ग्लायकॉल तसंही पाण्यापेक्षा चटकन पाझरतं, बारीक फट शोधून काढतं.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची तोटी उघडा. ब्लॉकलाही एक तोटी किंवा बोल्ट असतो. बहुतेक मिस्त्री तिला हात लावत नाहीत आणि गाळ तर तिथेच साठलेला असतो. आमच्या गाडीची तोटी उघडली तेव्हा थेंबही आला नाही. तारेने टोकरल्यावर आधी चिखलाची वात बाहेर आली, मग पाणी. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून ठेवा, वरचा-खालचा पाइप सोडा, आणि बागेच्या नळीने उलट दिशेने, रेडिएटरला खालून वर, ब्लॉकला वरून खाली, हलक्या दाबाने पाणी सोडा. पाणी निवळ होईपर्यंत. अर्धा तास लागला तर लागू द्या.

गंज जुना असेल तर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूफूल. बीडच बीड असलेल्या इंजिनाला लिटरमागे ५० ग्रॅम, गाडी गरम होईपर्यंत आणि वर अर्धा तास चालू ठेवायची. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर लिटरमागे २० ग्रॅम आणि गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, बस. मग गार होऊ द्या, काढा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. शेवटच्या धुलाईत दोन चमचे खायचा सोडा. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या जवळही नेऊ नका, आणि गरम ब्लॉकमध्ये गार पाणी कधीही नाही. बिडाला तडा गेला की ती दुरुस्ती वेगळ्याच हिशेबाची.

एवढं करूनही वरून हात लावल्यावर रेडिएटरचा काही भाग गार आणि काही गरम लागत असेल, तर नळ्या बुजल्यात. मग रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून, म्हणजे सळई फिरवून, घ्या. माझ्याकडे तेच झालं. पाइप आणि क्लिपा याच वेळी बदला. पाइप दाबून बघा, कडक किंवा लोण्यासारखा मऊ लागला तर गेला.

थर्मोस्टॅट परत बसवा. ‘आपल्या हवेत कशाला हवाय’ म्हणून तो फेकून देण्याची पद्धत आहे. पण इंजिन कायम थंडगार चाललं की पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये ओल साठते. तो उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडून बघा. उघडला तर बरा आहे, नाही तर नवा आणा.

भरणं

धुतल्यानंतर ब्लॉकच्या कोपऱ्यांत लिटरभर नळाचं पाणी उरतंच. म्हणून डीएम वॉटरने एकदा भरून, गाडी गरम करून, गार करून ते काढून टाका. हीच गळती शोधायची स्वस्त वेळ. दोन दिवस त्यावर गाडी फिरवली तरी हरकत नाही.

मग हिशेब. गाडीच्या पुस्तकात यंत्रणेची क्षमता दिलेली असते. समजा सहा लिटर. ३३ टक्के म्हणजे दोन लिटर कूलंट. हे दोन लिटर घट्ट, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी सगळं रेडिएटरमध्ये ओता, आणि मग वरून डीएम वॉटरने भरा. बादलीत मिसळून ओतलंत तर ब्लॉकमध्ये उरलेल्या पाण्याने प्रमाण खाली येतं, आणि किती खाली ते कळत नाही.

ओतताना हीटरचा कॉक उघडा ठेवा. गाडीचं तोंड थोडं चढावर असेल तर हवा लवकर निघते. पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. पातळी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली. काठोकाठ भरलं की गरम झाल्यावर फुगून बाहेर सांडतं, दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा भरतो, पुन्हा सांडतं. ती गाडी गळत नसते, आपली पातळी आपण शोधत असते. पंप नसलेल्या गाडीत मात्र पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाच्या खाली कधीही जाऊ द्यायचं नाही, तिथे अभिसरणच थांबतं. ओव्हरफ्लोच्या नळीला एक साधी बाटली जोडलीत तर महागाचं कूलंट रस्त्यावर जात नाही.

पुढे

सहा महिन्यांनी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर कूलंटवरून गोठणबिंदू दाखवणारं उपकरण) प्रमाण बघा. इथिलीन ग्लायकॉलच्या पट्टीवर उणे १८च्या आसपास म्हणजे ३३ टक्के. पीएचची पट्टी बुडवा. साडेसातच्या खाली आलं की कॅलेंडर न बघता बदला. नाही तर दर दोन वर्षांनी, गाडी दोनशे किलोमीटरच चालली असली तरीही, कारण रसायन उभ्या गाडीतही झिजतं. पातळी भरायला त्याच मिश्रणाची लिटरभर बाटली डिकीत ठेवा. रेडिएटरच्या पट्टीला तारेने एक बिल्ला बांधा: कोणतं कूलंट, किती टक्के, कोणत्या तारखेला. आमच्याकडे तो बिल्ला मुलाच्या शाळेच्या ओळखपत्राच्या पाकिटात आहे. गाडी कोणाही मिस्त्रीच्या हातात गेली तरी दुसरी बाटली ओतण्याआधी त्याला तो दिसतो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी असतं. गल्लीतलं कुत्रं किंवा गाय तोंड लावते आणि मूत्रपिंडं जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, जळक्या ऑइलमध्ये मिसळू नका. सकाळच्या कचरागाडीवरच्या माणसाला घातक कचऱ्याच्या कप्प्याबद्दल विचारा. आमच्या गल्लीतला माणूस कॅन हातात घेण्याआधी झाकण घट्ट आहे ना, ते दोनदा फिरवून बघतो.